कुक्षीच्या खिंडीतून निरोप: टॉवर नसलेल्या एका शेतासाठी केलेला प्रवास

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी देवासच्या दुकानात एका सबमर्सिबल मोटरचं वाइंडिंग उघडून बसलो होतो. मिलिंद माझा भाचा. इंदूरला नोकरी करतो, मराठी फर्डं बोलतो, वाचायची वेळ आली की अडखळतो.

"मामा, पप्पांनी शब्द दिलाय. संडेला मी कुक्षीला येतोय. मोटरघराची चाबी माझ्याकडे, शेत बटाईला. बस, फायनल."

पप्पा म्हणजे आमचे दाजी, माझ्या आक्काचे यजमान. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कुक्षीच्या खाली, धरणाचं पाणी जिथवर येतं त्या काठाला शेत केलं. दोन टेकड्यांच्या मधला खळगा आहे तो. माती काळीभोर, पाणी हाताशी, आणि मोबाइलला टॉवर अजिबात नाही. मागच्या हिवाळ्यात पाटात पाय घसरून दाजींचा घोटा मोडला आणि संध्याकाळी गुरं परतू लागेपर्यंत ते तिथंच पडून राहिले. हाका मारून आवाज बसला होता. मिलिंदचं म्हणणं चूक नव्हतं. पण दाजींकडून शेत काढून घ्यायचं म्हणजे त्यांना दिवसभर ओसरीवर बसवायचं, आणि तो माणूस बसणाऱ्यांतला नाही.

"शेतातून घरी निरोप पोचता करून दाखवला तर?" मी विचारलं.

"तर मी एक शब्द बोलणार नाही. पण मामा, तिथं कंपनीवाले टॉवर लावत नाहीत. तुम्ही काय लावणार?"

हे शेवटचं वाक्य कानात अडकून बसलं. दुसऱ्याच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळत मी हा धंदा शिकलो. मोटरी झाल्या, मग डीटीएच, मग सीसीटीव्ही. प्रत्येक वेळी कुणीतरी "तू काय लावणार" असं विचारलेलंच होतं. मी शटर अर्धं ओढलं, वर घरी जाऊन हिला म्हटलं, "सामान बांध. आधी नेमावर, मग कुक्षी."

"कुक्षीला जायला नेमावर कुठे लागतं?" हिनं विचारलं. बरोबरच होतं. नेमावर पूर्वेला, कुक्षी पश्चिमेला. पण परीक्षा कुक्षीत द्यायची होती, तर अभ्यास आधी कुठेतरी करायला हवा होता. नेमावरला रुंद पाणी मिळणार होतं. शिवाय लोहारद्याला एका जुन्या गिऱ्हाइकाचा पंप बघायचा होता. नर्मदास्नानाचं नाव काढल्यावर ही तयार झाली.

लोहारदा

सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालो. बागलीच्या पुढे रस्ता पठारावरून खाली उतरतो, वळणं आहेत, सागाचं जंगल आहे, आणि फोनच्या डोक्यावरच्या दांड्या एकेक करून मावळतात. आपल्याला जे शोधायचंय त्याची जाहिरातच जणू. रस्ता बहुतेक चांगला आहे, पण घाटात ट्रक समोर आला तर आपणच थांबावं.

गाडीत चार गोष्टी होत्या. तुमच्यापैकी कुणाला असंच काही करायचं असेल तर आधी हेच वाचा. पहिली, फोनवरची फुकट अ‍ॅप, जी टॉवरशिवाय ब्लूटूथनं एका फोनवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा निरोप उड्या मारत नेते. दुसरी, वॉकीटॉकीची जोडी. तिसरी, वायफायच्या दोन बशा, ज्या मी कॅमेऱ्यांच्या कामात वापरतो. चौथी, लोरा नावाच्या रेडिओचे संच, बिडीच्या बंडलाएवढे. संच फोनला जोडायचा, फोनवर लिहायचं, संच तो निरोप हवेत सोडतो आणि वाटेत तसाच दुसरा संच असेल तर तो पुढे ढकलतो. उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रंही मिळतात, पण ती आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. त्या वाटेला जाऊ नका.

लोहारद्याचे गोविंद भिया बियाणांच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्या फोनवर अ‍ॅप चढवली, हिला बाजारात पाठवलं आणि म्हटलं, आता बघा.

हिचा पहिला निरोप लगेच आला: "कांदे घेऊ का". दुसराही आला. मग ही बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि सगळं गप्प.

"भिया, बीच में फोन तो इतने सारे घूम रहे हैं," गोविंद भिया म्हणाले.

"फोन हैं, पर अ‍ॅप किसके पास है?"

"तो पूरे बाजार को डलवाओ।"

"दाजींच्या शेतात कुणाला घालू? बगळ्यांना?"

गोविंद भिया पोट धरून हसले. निकाल मात्र लागला. जत्रेत, घाटावर, जिथं माणसं दाटीनं आहेत आणि सगळ्यांनी आधी ठरवून अ‍ॅप घेतलीय, तिथं ती उत्तम. एकट्या माणसाला उपयोगाची नाही. ही परत आली ती दोन किलो कांदे घेऊन. "उत्तर आलं नाही, म्हणून घेतले," म्हणाली. "तुमचं नेहमीचंच. मोटर उघडून बसलात की माझ्या फोनलाही उत्तर नसतं."

नेमावर

सतवास, खातेगाव करत दुपार कलताना नेमावरला पोचलो. धर्मशाळेत खोली स्वच्छ मिळाली, देणगी आपल्या मनाची. देऊळ बघून घाटावर आलो. पलीकडे हंडिया, मधे नर्मदा, मोकळी आणि सपाट. ऊन उतरलेलं, नावा ओळीनं लागलेल्या.

हिला एका संचासह नावेत बसवून पलीकडे धाडलं. नावाडी विचारत होता, "भाभीजी, ये बम तो नहीं है?" ही म्हणाली, "माझे यजमान आहेत ना काठावर, फुटला तर आधी तेच ओरडतील." मराठी त्याला कितपत कळलं कोण जाणे, पण तो हसत वल्ही मारू लागला.

आधी वॉकीटॉकी. आवाज स्वच्छ. पण मी जरा भेळवाल्याशी बोलत राहिलो तेवढ्यात ही काय बोलली ते हवेत विरून गेलं. ऐकणारा त्या क्षणी कानाशी धरून बसलेला हवा, ही त्यातली खोट. शिवाय टेकडी मधे आली की तो मुका. वायफायच्या बशा काढल्याच नाहीत. त्यांना समोरासमोर नजर आणि सतत वीज लागते, आणि दाजींच्या शेतात वीज पाळीनं येते.

मग लोरा. ही पलीकडच्या काठावर पार लांब, ठिपक्याएवढी झाली तरी निरोप येत राहिले. "पोचले". "इथे पेरू चांगले". "पाठ दुखतेय, बस झालं". संथ येतात, फोटो-बिटो विसरा, लहानच लिहावं लागतं. देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा तिप्पट जागा खातं, म्हणून लांबण लावायची सोय नाही. आमच्या घराण्याला ते चांगलंच.

या संचात खुणा दोन असतात, आणि त्या नीट समजून घ्या. पहिली म्हणजे वाटेतल्या कुठल्यातरी संचानं निरोप उचलला. दुसरी म्हणजे ज्याला पाठवला त्याच्या संचाला तो मिळाला. दुकानदार पहिलीच खूण दाखवून माल विकतो. विकत घेताना ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचाच घ्या, आपल्याकडे तोच पट्टा मोकळा आहे. आणि आल्या आल्या संचाची गुप्त किल्ली, म्हणजे पासवर्डच म्हणा, बदला, नाहीतर तुमचे पेरू आणि पाठदुखी सगळ्या गावाला वाचता येतील.

रात्री ही म्हणाली, "हे वन्संना जमेल?" वन्सं म्हणजे आक्का, हिची नणंद.

"न जमायला काय झालं? वाजला की बघायचं."

ही संच उलटापालटा करून बघत राहिली. तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही.

धार, मनावर आणि कुक्षी

दुसरा दिवस नुसता गाडीचा. नेमावरहून इंदूर, बायपासनं धार. धारला हिच्या मावसबहिणीकडे चहा झाला. त्यांच्याकडे अजून "यावं, बसावं" असं जुनं मराठी चालतं, आणि तेच तोंड वळवून नोकराला "अरे भिया, गेट लगा दे". धारहून मनावरमार्गे गेलात तर निमाडात उतरताना ऊन बदलतं, मालव्यापेक्षा चार अंगुळं जास्त टोचतं. कपाशी, मिरची, केळी. कुक्षीत शिरताना अंधार पडला.

दाजी दारातच उभे. "या शालक महाशय! टॉवर गाडीत मावला का?" चालण्यात अजून किंचित लंगडेपणा होता, तो लपवायला ते उभेच राहिले.

आक्कानं वरणफळं केली होती. जेवताना दाजींनी खिशातून मोटरघराची किल्ली काढून ताटाजवळ ठेवली. सुतळीच्या गोफात ओवलेली पितळी किल्ली. "रविवारी ही मिलिंदला द्यायची. शब्द म्हणजे शब्द."

"शनिवार अजून जायचाय," मी म्हटलं. आक्का वाढत राहिली. जेवणानंतर मी एका जुन्या फोनला रबरबँडनं संच बांधला आणि माडीच्या खिडकीत ठेवला. तिथून खिंडीकडची बाजू मोकळी दिसते.

खिंड

सकाळी दाजी आणि मी निघालो. शेताकडे उतरण्याआधी रस्ता एका खिंडीतून जातो आणि खिंडीच्या माथ्यावर भुरीबाईची टपरी आहे. चहा, आणि दुपारी दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात. या रस्त्यानं गेलात तर उपाशीच जा. या माथ्यावरून एका अंगाला कुक्षी दिसते, दुसऱ्या अंगाला दाजींचा खळगा. मधला संच इथंच हवा होता.

"बाई, तुमारे बांस पे ये छोटा डिब्बा बांध दूं?"

"कई है यो? टीवी?"

"दाजी के संदेसे आगे सरकाएगा। साथ में ये सूरज वाली पट्टी, इससे तुमारा मोबाइल भी चार्ज होगा।"

तिनं दाजींकडे पाहिलं. "बाबूजी के वास्ते बांध दो. पिछली बार गिरे थे, मेरे को तो रात को मालूम पड़ा. यां बैठी थी मैं, इत्ती-सी दूर."

बांबूवर संच चढवला. तिथून घरी निरोप धाडला. दोन्ही खुणा आल्या, आणि मागोमाग आक्काचं उत्तरही: "बरं". दाजींनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला.

शेतात उतरलो. दाजींनी स्वतःच्या हातानं लिहिलं, "शेतात पोचलो". पहिली खूण आली. दुसरी येईना. पुन्हा लिहिलं. पहिली आली, दुसरी नाही. म्हणजे खिंडीतला संच आमचं ऐकत होता, घर ऐकत नव्हतं. पण घटकाभरापूर्वी तर घर बोललं होतं! मी पुन्हा माथ्यावर गेलो, एरियल फिरवली, बांबू दुसऱ्या कोपऱ्यात रोवला, त्याला आणखी एक वेळू जोडला. आता तर खिंडीतूनही घरी काही पोचेना. खाली, वर, परत खाली. शर्ट पाठीला चिकटला. दाजी पाण्याच्या काठाला बसून माझ्याकडे बघत होते.

"बंडू, सोड आता," शेवटी ते म्हणाले. "तू केलंस तेवढं पुष्कळ झालं."

"दाजी, बंद मोटर मी कधी गिऱ्हाइकाला परत दिली नाही. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे."

दिवस मावळताना भुरीबाईनं पानिये बांधून दिले. पैसे घेईना.

डबा

घरी आलो आणि अंगणात उभ्या उभ्या, चप्पलही न काढता, खिशातल्या संचावरून घरच्या संचाला निरोप सोडला. दोन्ही खुणा पटकन! आणि आतून घंटी ऐकू आली.

आता, मी मोटरचं बेअरिंग आवाजावरून ओळखणारा माणूस. ही घंटी माडीवरून आली नव्हती. स्वयंपाकघरातून आली होती, आणि तिच्या मागे भांड्याचा घुमारा होता, रिकाम्या पातेल्यात चमचा पडल्यासारखा. मी परत पाठवला. परत तोच घुमारा.

आत गेलो. फडताळात, पिठाच्या आणि साखरेच्या मधे, एक मोठा स्टीलचा डबा. घट्ट झाकणाचा. उघडला तर आत, जुन्या नऊवारीच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेला, फोन आणि संच.

स्टीलच्या बंद डब्यात रेडिओची लाट जवळजवळ शिरत नाही. अंगणातून ओरडलं तर झाकणाच्या फटीतून थोडी झिरपते. खिंडीतून आलेली, आधीच दमलेली, बाहेरच मरते. दिवसभर मी बांबू नाचवत होतो आणि दोष फडताळात होता.

"आक्का!"

"उंदीर आहेत माडीवर," ती म्हणाली. "वायर कुरतडली असती. एवढी महागाची वस्तू उघड्यावर ठेवतात का?"

खरंच, आमच्या घरांत मोलाची वस्तू आली की ती स्टीलच्या डब्यात जाते. मी हसायला लागलो. पण ही हसली नाही. दिवसभर ती आक्काबरोबर होती. "वन्सं, सगळं सांगा त्यांना," ती म्हणाली.

आक्कानं हात पदराला पुसले. "अरे, सकाळी तो पहिल्यांदा वाजला, मी दचकले. उत्तर दिलं. मग वाटलं, आता पुढचा कधी? हे शेतात गेले, की वाजेल. वाजला तर बरं. नाही वाजला तर? मी इथून काय करू? मिलिंद इंदूरला, तू देवासला. धावत जाऊ खिंडीतून? मागच्या वेळी निदान मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक असून बसून राहायचं." ती थांबली. "ठेवला डब्यात. उंदीर आहेत, तेही खरंच."

दाजी उंबऱ्यात उभे होते. मी निरोप पोचवायला निघालो होतो, आणि पोचल्यावर पुढे काय याचा विचार फक्त तिनं केला होता.

त्या रात्री मी संचांची रचना नव्यानं मांडली. चौथा संच जादाचा आणला होता, तो भुरीबाईला द्यायचा. तिचा एक जुना फोन होता, त्यालाच जोडता येणार होता. संकटाचा निरोप आधी तिच्याकडे वाजेल, कारण धावू शकेल अशी तीच. आणि आक्काची अट: दर घटकेला पोचलो-बसलो-उठलो असले निरोप नकोत. सकाळी "पोचलो", संध्याकाळी "निघालो". दुसरा ठरल्या वेळी आला नाही, तर आक्का एक निरोप भुरीबाईला धाडेल. मग आक्काचं काम संपलं.

"आणि झाकण?" मी विचारलं.

"झाकण काढते," आक्का म्हणाली. "पण डब्यातच ठेवीन."

"आक्का, डबाही नको."

शेवटी परडीवर तडजोड झाली. वेताची परडी, वर जाळीचं झाकण, माडीच्या खिडकीत.

रविवार

मिलिंद आला, चहा घेतला, दाजींनी शब्दाप्रमाणे पुढे केलेली किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही जमवलेली टेस्ट मला नको. मी जातो पप्पांबरोबर. फोन माझ्या हातात. बघू." वाटेत भुरीबाईला तिचा संच देऊन, समजावून सांगण्याचं काम त्याच्याच गळ्यात घातलं.

आम्ही घरी. आक्का माडीवर परडीसमोर. ही भाजी निवडायचं निमित्त करून तिच्याजवळ. मी जिन्यात, कारण मला कुठं उभं राहावं सुचत नव्हतं.

घंटी वाजली. घुमारा नाही, स्वच्छ.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं: "Aai pochla ka". आक्काला ती अक्षरं लावायला वेळ लागला, ओठ हलत होते. मग तिनं एका बोटानं, सावकाश, देवनागरीत उत्तर लिहिलं. मी जिन्यातून मान लांब करून वाचलं.

"पोचला. किल्ली ह्यांना परत दे. भात निवतोय."

तिकडे मिलिंदला ते वाचायला दाजींची मदत लागली म्हणे. दुपारी दोघं आले तेव्हा किल्ली दाजींच्या खिशात होती, सुतळीचा गोफ बाहेर लोंबत होता. मिलिंद ताटावर बसताना एवढंच म्हणाला, "मामा, पानिये भारी होते."

परत देवास

दोन संच नदीपार बोलतात, चार संचांत एक घर, एक टपरी आणि एक शेत जोडलं जातं, आणि सगळा खर्च एका साध्या स्मार्टफोनएवढा येतो. पावसाळ्यात सौरपट्टी किती तग धरेल ते अजून मला माहीत नाही. झाडं हिरवी दाट झाली की पल्लाही घटतो, तेव्हा बांबू उंच करावा लागेल. हे सगळं लिहून ठेवतोय, कारण तुमच्यापैकी कुणाचं तरी असं एक शेत असणार. फक्त बांबू रोवण्याआधी घरात बसणाऱ्याला विचारून घ्या.

परवा आक्काचा फोन आला. आवाज नेहमीचा, भाजीचे भाव सांगावेत तसा.

"काल ह्यांचा 'निघालो' आला नाही."

मी हातातला पेचकस खाली ठेवला. "मग?"

"मग काय. मी ठरल्यापेक्षा जरा जास्त थांबले, भुरीबाईला एक धाडला. तिनं नवऱ्याला पाठवलं. हे खुशाल पाणी सोडत होते. उशीर होईल असं लिहिलं होतं म्हणे, पण संच भिजू नये म्हणून जेवणाच्या डब्यात ठेवलेला."

"स्टीलच्या?"

"नाहीतर कसल्या?"

वर हिला हाक मारून सांगितलं. तिनं तिथल्या तिथं शिवणयंत्र काढलं, दाजींसाठी गळ्यात अडकवायची मेणकापडाची पिशवी शिवायला.

"आक्का, घाबरलीस का ग?" मी विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "माणूस गेला होता ना तिकडे. मी आपला कुकर लावला."